पाण्यातली म्हैस आणि म्हापशातलं मोल

प्रश्न (थोडक्यात): म्हापशात (गोवा) मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. वय २९. दोन वर्षांपासून वापरलेले गेम कन्सोल घेऊन विकण्याचा जोडधंदा करतो. मोठा भाऊ तारवटी, क्रूझवर आहे. सुट्टीवर येताना एखाद-दुसरं मशीन आणतो. सध्या दुकानात निन्टेन्डोचे ९ स्विच पडून आहेत: ४ लाइट (छोटं, स्वस्त मॉडेल), ३ ओएलईडी (सुधारित पडद्याचं मॉडेल), २ अगदी सुरुवातीचे. त्यात दीडेक लाख अडकलेत. यूट्यूबवर रोज नवा व्हिडिओ येतो की स्विच २ चं (स्विचच्या पुढच्या पिढीचं) छोटं, स्वस्त मॉडेल येतंय आणि सोनीही स्वतंत्र हॅण्डहेल्ड (हातात धरून खेळायचं मशीन) काढतेय. वाटतं, जुना माल मिळेल त्या भावाला काढावा, सात गिऱ्हाइकं तयार आहेत त्यांच्याकडून पाच-पाच हजार आगाऊ घ्यावेत आणि भावाला सांगून ठेवावं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी निर्णय हवा. बाबा म्हणतात, ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.’ कंपनीची पुढची चाल ओळखायची कशी?

उत्तर:

बाबांची म्हण बरोबर आहे, पण तुमच्या बाबतीत तिची बहीण जास्त चपखल बसते: पाण्यात म्हैस अन् बाहेर मोल. म्हैस आहे हे नक्की. ती किती दुधाची आणि कधी बाहेर येणार, हे कोणालाच दिसत नाही. तुम्ही मात्र काठावर उभे राहून सात जणांकडून विसार घ्यायला निघालात.

तुमच्या पत्रात तीन गृहीतकं दडलेली आहेत. नवं मशीन कधी येणार हे आधी कळलं तरच धंदा वाचेल, हे पहिलं. छोटं मॉडेल म्हणजे स्वस्त मॉडेल, हे दुसरं. आणि नवं आलं की जुनं त्याच दिवशी रद्दी होतं, हे तिसरं. तिन्ही थोडी थोडी खरी आहेत, म्हणूनच फसवी आहेत.

पहिल्यापासून सुरू करू, कारण तुमचं निम्मं ओझं तिथेच उतरेल. कंपनीने अधिकृत घोषणा केल्यापासून मशीन दुकानात येईपर्यंत किती दिवस जातात ते मोजा. पहिला स्विच २० ऑक्टोबर २०१६ ला दाखवला आणि ३ मार्च २०१७ ला विकायला आला: १३४ दिवस. स्विच २ ची झलक १६ जानेवारी २०२५ ला आली, विक्री ५ जूनला: १४० दिवस. ही झाली नवी पिढी. सुधारित मॉडेलांना वेळ कमी लागतो. स्विच लाइट १० जुलै २०१९ ला जाहीर, २० सप्टेंबरला बाजारात: ७२ दिवस. ओएलईडी ६ जुलै २०२१ ते ८ ऑक्टोबर: ९४ दिवस. स्विचआधीच्या थ्रीडीएस या हॅण्डहेल्डचं भावंड टूडीएस २८ ऑगस्ट २०१३ ला जाहीर झालं आणि १२ ऑक्टोबरला आलं, ४५ दिवसांत. २०१४ च्या न्यू थ्रीडीएसला जपानमध्ये ४३ दिवस लागले. म्हणजे या सहा वेळांत घाईतली घाई धरली तरी सहा आठवडे हातात मिळाले. त्यात निन्टेन्डो भारतात कन्सोल अधिकृतपणे विकत नाही, त्यामुळे माल म्हापशात पोचेपर्यंत आणखी काही दिवस जातात.

तेव्हा कंपनी काय करणार हा प्रश्न बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा, माझा माल सहा आठवड्यांत फिरतो का? फिरत असेल तर भाकिताची गरजच नाही. घोषणा झाल्यावर खरेदी थांबवायची आणि हातातलं विकून मोकळं व्हायचं. फिरत नसेल, तर भाकीत अचूक ठरूनही तुम्ही अडकणार. नऊ मशीनपैकी प्रत्येक कुठल्या तारखेला घेतलं ते वहीत लिहिलंय का? नसेल तर आज रात्री दुकान बंद करताना लिहा. ४५ दिवसांहून जुनं जे निघेल त्याचा भाव या आठवड्यातच खाली आणा. एकदम पाडू नका, पाच-सात टक्क्यांनी सुरुवात करा.

या हिशेबात एक भोक आहे आणि ते आत्ताच दाखवलेलं बरं. घोषणेला सहा आठवडे मिळतात, भावकपातीला मिळत नाहीत. थ्रीडीएस फेब्रुवारी २०११ मध्ये जपानमध्ये २५ हजार येनला आलं, खेळ पुरेसे नव्हते, विक्री रखडली आणि जुलैच्या अखेरीस कंपनीने भाव १५ हजारांवर आणत असल्याचं सांगितलं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो लागूही झाला. पंधरा दिवसांत ४० टक्के घसरण. ज्यांनी आधी घेतलं होतं त्यांची समजूत कंपनीने २० जुने खेळ फुकट देऊन काढली. माल भरून बसलेल्या वापरलेल्या मशीनच्या दुकानदाराची समजूत घालायला कोणी येत नाही.

पण आज वारा उलटा वाहतोय, आणि इथे तुमचं दुसरं गृहीतक येतं. जुन्या काळी मशीनला दोन-तीन वर्षं झाली की चिप लहान व्हायची, भाग स्वस्त व्हायचे, किंमत उतरायची. यूट्यूबवरची बरीच भाकितं अजून त्याच सवयीने केलेली असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र अमेरिकेत आठ वर्षं जुन्या स्विचची किंमत चढली, प्लेस्टेशन ५ ची पण ५० डॉलरने चढली. त्यानंतर एआयच्या सर्व्हरांनी मेमरी चिपा ओढून घेतल्यामुळे मेमरीचे भाव वर गेले. स्विच २ मध्ये १२ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवण आहे. पडदा लहान केल्याने यातलं एक जीबीही कमी होत नाही, कारण खेळ तेच चालवायचे असतात. ‘थांबलो तर स्वस्त मिळेल’ असं गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचे दिवस सध्या तरी नाहीत.

छोटं मॉडेल येईल का? माझ्या मते येईल, आज ना उद्या. गेमबॉय अॅडव्हान्सपासून निन्टेन्डोने प्रत्येक हॅण्डहेल्डचं बदललेलं रूप काढलंय. मार्च २००१ च्या अॅडव्हान्सनंतर फेब्रुवारी २००३ मध्ये एसपी. २००४ च्या अखेरीस आलेल्या डीएसनंतर मार्च २००६ मध्ये डीएस लाइट. थ्रीडीएसनंतर १७ महिन्यांनी एक्सएल. स्विचनंतर ३० महिन्यांनी लाइट. हेच अंतर जून २०२५ पासून मोजलं तर २०२६ च्या सप्टेंबरपासून ते २०२७ च्या डिसेंबरपर्यंत कधीही. एवढ्या रुंद खिडकीतून दीड लाखाचा माल बाहेर फेकणार का? आणि हे पहिलं रूप दरवेळी स्वस्तच नव्हतं. थ्रीडीएस एक्सएल मोठं होतं आणि महागही, अमेरिकेत मूळ मशीन १७० डॉलरला असताना ते २०० ला आलं. लहान आणि स्वस्त ही जोडी लागोपाठच्या या चार वेळांत ठळकपणे दिसली ती स्विच लाइटला: ३०० च्या जागी २०० डॉलर.

ती तरी का जमली, हे समजून घ्या, कारण पुढची चाल ओळखायची असेल तर खरा धागा इथे आहे. हॅण्डहेल्डमध्ये सगळं बॅटरीवर येऊन थांबतं. खोकं लहान केलं की बॅटरी लहान होते. स्विचमध्ये ४३१० एमएएच होती, लाइटमध्ये ३५७०. तरीही लाइट ३ ते ७ तास चालतो आणि २०१७ चा मोठा स्विच मात्र अडीच ते साडेसहा तास. लहान बॅटरीत जास्त वेळ कसा? त्याच सुमारास स्विचमधली एनव्हिडियाची टेग्रा चिप २० ऐवजी १६ नॅनोमीटरवर बनायला लागली आणि कमी वीज प्यायला लागली. २०१९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन गोष्टी जोडीने झाल्या: लाइट आला, आणि मोठ्या स्विचमध्येही गाजावाजा न करता नवी चिप बसली, त्याची बॅटरी साडेचार ते नऊ तासांवर गेली. म्हणजे आधी चिप लहान झाली, मग खोकं.

स्विच २ ला ५२२० एमएएचची बॅटरी आहे आणि कंपनीच सांगते, २ ते साडेसहा तास. अवजड खेळ लावला तर दोन तासांत संपते. हेच पोट, हीच भूक घेऊन त्याला छोट्या खोक्यात कोंबलं तर बॅटरी दीड तासावर येईल आणि उष्णता काढायला जागा उरणार नाही. तेव्हा पुढच्या व्हिडिओत ‘लाइट येतंय’ ऐकलंत की एकच विचारा, चिप नव्या प्रक्रियेवर गेल्याची काही ठोस खूण आहे का? नसेल तर तो व्हिडिओ पुढच्या आठवड्यातही तेवढाच ताजा राहील, आत्ता बघायची घाई नाही.

सुट्या भागांच्या बातम्यांबद्दलही सावध राहा. २०२१ मध्ये कित्येक महिने चर्चा होती की ४के दाखवणारा ‘स्विच प्रो’ येतोय, आणि बोलणारी मंडळी ऐरीगैरी नव्हती. ७ इंची ओएलईडी पडद्याची बातमी खरी निघाली. मशीन आलं तेव्हा पडदा नवा होता, साठवण ६४ जीबी झाली, डॉकला (टीव्हीला जोडायच्या स्टँडला) लॅनचं भोक आलं, आणि आतली चिप तीच जुनी. भाग कळला, हेतू कळला नाही. पुरवठादाराकडून फुटलेली बातमी एवढंच सांगते की कोणीतरी पडदे मागवलेत.

हेतू कळायचाच असेल तर कंपनीच्या आर्थिक वर्षाकडे बघा. ते आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च चालतं. मे महिन्यात कंपनी वर्षभरात किती मशीन विकण्याचा अंदाज आहे ते सांगते. मग ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारीत ताळेबंद देते आणि लागला तर अंदाज बदलते. कागद इंग्रजीतही असतो, फुकट असतो, आणि तुम्हाला त्यातल्या दोनच गोष्टी वाचायच्या आहेत: मशीनचा अंदाज आणि तारीख लागलेल्या खेळांची यादी. मे २०२५ मध्ये स्विच २ चा अंदाज दीड कोटी होता, नोव्हेंबरमध्ये तो १ कोटी ९० लाखांवर नेला. चढ्या किमतीलाच माल खपत असताना स्वस्त भावंड काढायची घाई कोण करेल? हा अंदाज खाली आणला, किंवा सणासुदीच्या तोंडावरची खेळांची यादी रिकामी दिसायला लागली, की कान टवकारा. स्विच २ ची पहिली अधिकृत खूणही अशीच ताळेबंदाच्या दिवशी मिळाली होती: ७ मे २०२४ ला कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी सांगितलं की या आर्थिक वर्षात वारसदाराची घोषणा होईल. झाली ती जानेवारीत, त्यांनी दिलेल्या मुदतीच्या आत.

सोनीबद्दल थोडक्यात. तुम्ही पाठवलेल्या दुव्यांत कंपनीचं स्वतःचं एकही वाक्य नाही. पीएसपी २००४ मध्ये आलं आणि चाललं. २०११ चं व्हिटा स्वतःच्या महागड्या मेमरी कार्डापायी आणि खेळांच्या तुटवड्यापायी बसलं. त्यानंतर सोनीने काढलं ते पोर्टल, भारतात १८,९९० रुपयांना. ते मुळात घरातल्या प्लेस्टेशन ५ चा हातातला पडदा आहे. किमान ५ एमबीपीएस नेट लागतं, नीट चालायला १५. जुलैच्या पावसात लाइट गेली की राउटर गेला आणि पोर्टलही गेलं. स्वतंत्र मशीन पुढेमागे येईलही, पण म्हापशातल्या तुमच्या काउंटरवर सोनीची वापरलेली हॅण्डहेल्ड येतात किती? त्यावर झोप घालवू नका.

आता तिसरं गृहीतक, जुनं मशीन रद्दी होण्याचं. इथे तुमच्या नऊ मशीनना एका तागडीत घालू नका.

चार लाइट आधी काढा. लाइट घेणारा गिऱ्हाईक किमतीकडे बघणारा असतो, स्वस्त स्विच २ ची वाट बघत थांबणाराही तोच. शिवाय लाइट टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याच्या काठ्या (जॉयस्टिक) अंगातच बसवलेल्या असतात. काठी सरकायला लागली, म्हणजे हात न लावता पात्र आपोआप चालायला लागलं, की जॉय-कॉन (सुटे होणारे कंट्रोलर) बदलून भागत नाही, मशीन खोलावं लागतं. तुम्ही दुरुस्तीवाले, तेवढा फायदा आहे: विकण्याआधी सेटिंगमध्ये काठ्या तपासा, गरज पडली तर बदला आणि तसं गिऱ्हाइकाला सांगा.

तीन ओएलईडींना घाई नाही. स्विच २ चा पडदा ७.९ इंची असला तरी एलसीडी आहे, आणि ओएलईडीचा गडद काळा रंग आवडणारे लोक आहेत. दुकानात दोन्ही शेजारी ठेवून एकच अंधारा प्रसंग दाखवा, बोलायची गरज पडणार नाही.

कार्ट्रिज (खेळाची कार्डं) तर मिळेल त्या भावाला अजिबात काढू नका. स्विचचे बहुतेक खेळ स्विच २ वर चालतात, म्हणजे नव्या मशीनचा गिऱ्हाईकही जुनी कार्ट्रिज घेतो. मशीनपेक्षा त्यांचं मोल टिकतं आणि जागा लागते चपलेच्या खोक्याएवढी. फक्त स्विच २ ची कार्ट्रिज घेताना वेष्टण नीट वाचा. काहींवर ‘गेम-की कार्ड’ असं लिहिलेलं असतं. त्यात खेळ नसतो, नुसती किल्ली असते आणि खेळ पूर्ण डाउनलोड करावा लागतो. ते पुन्हा विकता येतं, पण गिऱ्हाइकाला आधी सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो दारात उभा. खोक्यात नुसता कोड असेल आणि तो वापरलेला असेल तर ते खोकं शून्य रुपयांचं.

जोडसामान भरायचं असेल तर हे लक्षात ठेवा: साधं मायक्रोएसडी स्विच २ मध्ये खेळ साठवायला चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं. जुना डॉक चालत नाही. जुना प्रो कंट्रोलर चालतो. जुने जॉय-कॉन वायरलेस जोडले जातात, पण अंगाला बसत नाहीत.

वापरलेलं मशीन विकत घेताना, मग ते कुठल्याही पिढीचं असो, दुकानाच्या वाय-फायला जोडून ई-शॉप (निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान) उघडून बघा. चोरीचे खेळ चालवलेल्या मशीनला कंपनी ऑनलाइन सेवांतून बाद करते, आणि ते बाहेरून दिसत नाही. ही दोन मिनिटं वाचवलीत तर पूर्ण मशीनचे पैसे जातील.

भावाबद्दल. त्याचं जहाज जपानी बंदराला लागत असेल तर त्याला आजच मेसेज करा. जपानमध्ये स्विच २ दोन प्रकारांत आला: ४९,९८० येनचा आणि ६९,९८० येनचा. स्वस्तातला फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला फक्त जपानचं खातं जोडता येतं. ‘एवढा स्वस्त मिळाला’ म्हणून तो घेऊन आला तर म्हापशात ती वीट आहे. बहुभाषी मॉडेलच घ्यायला सांगा, आणि खोक्याचा फोटो पैसे देण्याआधी मागा. अॅडाप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त पिना चपट्या असतात. कन्व्हर्टर दुकानातून द्या. दुसरी गोष्ट कस्टमची. सामानातली सवलत स्वतःच्या वापराच्या वस्तूंना असते. एका बॅगेत सात सीलबंद मशीन म्हणजे सरळ व्यापारी माल. त्यात नुसती ड्यूटी भरून सुटत नाही, आणि नोकरी भावाची आहे, तुमची नाही.

राहिले सात जणांचे पाच-पाच हजार. घेऊ नका. ज्या वस्तूला नाव नाही, किंमत नाही, तारीख नाही, तिची पावती तुम्ही काय लिहिणार? त्या पैशाने मालात अडकलेल्या पैशाची चणचण तात्पुरती भागेल, पण तो पैसा तुमचा नाही, आणि वर्षभराने सातपैकी तीन जण दर शुक्रवारी, बाजाराच्या ऐन गर्दीत, परत मागायला येतील. आत्ता फक्त नाव आणि नंबर लिहून घ्या. अधिकृत घोषणा होऊन किंमत कळली की फोन करा. त्या दिवशी जे ‘हो’ म्हणतील त्यांच्याकडूनच विसार घ्या, आणि पावतीवर मॉडेल, भाषेची आवृत्ती आणि अमुक तारखेपर्यंत नाही आलं तर पूर्ण पैसे परत, असं लिहा. सातातले चार उरले तरी खूप.

चवथीपर्यंत जो माल विकणार नाही तो पावसाळ्यात कसा ठेवता तेही महत्त्वाचं. बॅटरी पूर्ण रिकामी करून कपाटात टाकलेलं मशीन काही महिन्यांनी कधी कधी चार्जच घेत नाही. कंपनी सहा महिन्यांतून एकदा तरी चार्ज करा म्हणते. आपल्या दमट हवेत तीन महिने धरा, निम्म्यावर चार्ज ठेवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या ओल्या झाल्या की बदला.

आणि त्या दोन सगळ्यात जुन्या स्विचचं लेबल मागे फिरवून वाचा. नुसतं एचएसी-००१ असेल तर ते अडीच तासांच्या बॅटरीचं पहिलं मॉडेल. पुढे कंसात -०१ असेल तर ते २०१९ नंतरचं, साडेचार तासवालं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात आणि तुम्ही बहुधा दोन्हींना एकच भाव लावलाय.